पळालेली गाडी व गावाचे कर्तव्य
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



रत्नागिरीहून शिरगाव, बसणीच्या बाजूने किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे आणि वारे या गावांपाशी समुद्राच्या अगदी निकट येतो. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खाली सुरूचे बन, त्यापलीकडे पुळण, आणि मधून चढउतारांचा, वळणावळणांचा हा रस्ता. सुटीच्या दिवसांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगलीकडील मोटारी याच वाटेने देवदर्शनास आणि समुद्र पाहण्यास येतात. चढण संपून उंचावर आले की दोन्ही बाजूंच्या पुळणी एकदम दृष्टीस पडतात आणि मोटार हाकणाऱ्याची नजर रस्त्यावरून सुटते ती नेमकी तेथेच. त्याच रस्त्याच्या कडेने दप्तरे घेतलेली मुले शाळेला निघालेली असतात, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाया चाललेल्या असतात, एखादा म्हातारा गुरे वळवीत असतो. पाहुण्याला तो रस्ता देखाव्याचा आहे. गावाला तो अंगणासारखा आहे. एकाच रस्त्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी जेथे एकमेकींवर आदळतात, तेथे अपघात घडतो.

सर्वच अपघातांचा विचार येथे करावयाचा नाही. धडक देऊन मोटार निघून जाते, जखमी माणूस रस्त्यावर पडून राहतो आणि मोटार कोणाची होती हे कोणासच ठाऊक नसते, अशा अपघाताचा हा विचार आहे. अशा अपघातात तीन प्रकारची हानी होते. जखमीला ज्या क्षणी मदत हवी असते त्या क्षणी त्याच्याजवळ असलेला एकमेव माणूस, म्हणजे खुद्द चालकच, त्याला टाकून जातो. घरच्यांना दाद कोणाकडे मागावी हे कळत नाही. आणि गावाचा संताप, ज्याच्यावर तो निघावयास हवा तो निसटल्यामुळे, पुढे येणाऱ्या भलत्याच माणसावर निघण्याचा संभव असतो. या तिन्ही हानी कमी करणे गावाच्या हातात आहे, आणि त्या कामी गावातील शिक्षकाइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, हेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १३४व्या कलमान्वये अपघात घडल्यावर जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सर्व करणे आणि त्याला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोहोचविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जागेवर पोलीस नसतील तर त्याने लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यास खबर दिली पाहिजे. १३३व्या कलमाप्रमाणे, मोटार कोण चालवीत होता ही माहिती पोलिसांनी मागितली असता ती देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे मोटारीचा क्रमांक हाती लागला की मालक सापडतो आणि मालकाकरवी चालकापर्यंत पोहोचता येते. चालकाचे कर्तव्य टाळणाऱ्यास शिक्षा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमान्वये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

असे असूनही चालक पळतो. कोणी मद्य घेतलेले असते, कोणाजवळ परवाना नसतो, कोणी मोटार दुसऱ्याची आणलेली असते, कोणी केवळ भेदरलेला असतो. परंतु पळालेल्या चालकांकडून सर्वांत अधिक ऐकू येणारे कारण एकच असते: थांबलो असतो तर जमावाने मारले असते. हे कारण पुष्कळदा सबब म्हणून पुढे केले जाते यात शंका नाही. तथापि ते सर्वस्वी खोटेही नाही. खुद्द १३४व्या कलमात, जमावाचा क्षोभ किंवा आपल्या आटोक्याबाहेरचे अन्य कारण असेल तर जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यातून चालकाला सूट आहे. न्याय संहितेत अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचे एक पोटकलम घालण्यात आले, तेव्हा जानेवारी २०२४च्या आरंभी देशभर मालमोटारींच्या चालकांनी काम बंद ठेवले आणि महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यांच्याही गाऱ्हाण्याच्या मुळाशी हेच होते की, थांबावे तर जमाव, पळावे तर दहा वर्षे. पुढे संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली तेव्हा ते पोटकलम वगळून बाकीची अमलात आली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चालकाने पळावे की थांबावे, हा निर्णय तो एकटाच करीत नाही. आजवर ज्या ज्या गावांनी थांबलेल्या चालकाला बडविले, त्या गावांचाही त्या निर्णयात वाटा असतो. ज्या रस्त्यावर थांबलेल्याला मार बसतो, त्या रस्त्यावर पुढचा कोणी थांबत नाही, आणि न थांबल्याचे मोल रस्त्यावर पडलेला माणूस देतो. तो माणूस बहुधा त्याच गावचा असतो.

म्हणून अपघातसमयी गावाची कामे कोणती आणि त्यांचा क्रम कोणता, हे आधीच ठरलेले असावे. पहिले काम जखमीचे प्राण वाचविणे. दुसरे काम पाहिलेले जसेच्या तसे लिहून ठेवणे. पळालेल्याचा पाठलाग करणे हे पोलिसांचे काम आहे. मोटारसायकलवर बसून वळणावळणांच्या रस्त्याने मोटारीमागे धावणारा तरुण आणखी एक अपघात मात्र घडवू शकतो.

पहिल्या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. वळणावर माणूस पडला असेल तर प्रथम दोन माणसे दोन्ही बाजूंस बरीच दूर उभी करावीत आणि रंगीत कापड किंवा झाडाची डहाळी हालवून येणाऱ्या मोटारींना थांबवावे. हे न केल्यास मदतीस धावलेलेच धडकेखाली येतात. जखमी शुद्धीवर आहे की नाही, श्वास चालू आहे की नाही, हे पाहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि ती पुनःपुन्हा उचलून पाहू नये. मानेला व पाठीला इजा झाल्याचा संभव असतो, यास्तव त्याला ओढू नये, बसवू नये, मान वळवू नये. पुढचा धोका टाळण्यासाठी हलविणे भागच असेल तर तीनचार जणांनी मिळून शरीर एका रेषेत ठेवून हलवावे. तोंडात पाणी घालण्याची आपल्याकडील रीत प्रेमाची असली तरी येथे घातक आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकते.

त्याच वेळी एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी आणि दुसऱ्याने ११२ क्रमांकावर पोलिसांसाठी दूरध्वनी करावा. येथे गावकऱ्यांची एक चूक नेहमी होते. ‘वरच्या वाडीच्या वळणावर या’ असे सांगितले जाते. परंतु पलीकडे बोलणारा दूरच्या शहरात बसलेला असतो, त्याला वरची वाडी ठाऊक नसते. जिल्हा रत्नागिरी, तालुका रत्नागिरी, आरे-वारे मार्ग, अमक्या गावापासून अमक्या गावाकडे जाताना, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, जवळची शाळा किंवा देऊळ, असा पत्ता सांगावयास हवा. डोंगराच्या आडोशाला दूरध्वनी लागत नसेल तर तो कोठे लागतो, हेही गावाला आधीच माहीत असावे.

मदत करणाऱ्याच्या मनातील मोठी भीती म्हणजे पोलीस आणि कोर्ट. ‘कशाला हात लावता, मागे झंझट लागेल’ हे वाक्य आजही रस्त्यावर ऐकू येते. ही भीती आता निराधार झाली आहे. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने, कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली म्हणून दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे असे नाही. रुग्णालयाने त्याला अडवून ठेवता कामा नये. खर्च भरण्यास भाग पाडता कामा नये. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास ‘राहवीर’ योजनेखाली २०२५पासून पंचवीस हजार रुपयांचे पारितोषिकही ठेवण्यात आले आहे. कोकणातला माणूस पारितोषिकासाठी मदत करील असे नाही. परंतु मदत हा गुन्हा नसून गौरवाची गोष्ट आहे, हे शासनानेच सांगितल्याचे गावात माहीत असावे.

आता दुसरे काम, आणि हे खास शिक्षकाचे आहे. मोटार निघून गेली तरी ती आपल्यामागे पुष्कळ काही ठेवून जाते. क्रमांकपाटीवरील अक्षरे पूर्ण वाचता आली नाहीत म्हणून लोक ‘नंबर मिळाला नाही’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः अर्धा क्रमांकही फार उपयोगाचा असतो. एम.एच. या अक्षरांपुढचे दोन आकडे नोंदणीचे कार्यालय सांगतात: ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी मोटार, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची वा मालाची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिलेली, आणि हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. ‘पांढरी पाटी, ०९, शेवटी ७’ एवढे जरी दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितले तरी पोलिसांचा शोध हजारो मोटारींवरून थोडक्यांवर येतो.

याखेरीज मोटारीचा रंग व आकार, ती कोणत्या दिशेने आली आणि कोणत्या दिशेने गेली, कोणत्या बाजूचा दिवा फुटला, आत किती माणसे होती, अपघात नेमका किती वाजता झाला, या गोष्टी टिपून ठेवाव्यात. रस्त्यावर पडलेल्या काचेच्या किरचा, आरशाचे कवच, रंगाच्या खपल्या कोणी झाडून टाकू नयेत. पावसाचे चिन्ह दिसले तर त्यावर टोपले किंवा पत्रा झाकावा आणि पोलीस येईपर्यंत त्यांना हात लावू नये. फुटलेल्या दिव्याचा एक तुकडा पुढे दुरुस्तीस आलेल्या मोटारीशी जुळू शकतो. किनाऱ्याच्या या रस्त्याला फाटे मोजके आहेत. मोटार कोणीकडे गेली हे पोलिसांना तत्काळ कळले, तर पुढच्या नाक्यावर तिला अडविणे किंवा पेट्रोल पंप आणि हॉटेले यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रे तपासणे सोपे जाते.

७ जुलै २०२४ रोजी पहाटे मुंबईत ससून गोदीतून मासळी घेऊन वरळी कोळीवाड्याकडे परतणाऱ्या एका दांपत्याच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली. त्यात त्या कोळीणबाईंचा मृत्यू झाला आणि चालक निघून गेला. ९ जुलै रोजी पोलिसांनी संशयितास अटक केली. मुंबईच्या रस्त्यांवर जागोजाग कॅमेरे आहेत आणि त्यांची चित्रे तपासास मिळाली. किनाऱ्यावरच्या खेड्यात मासळी विकणाऱ्या बाईवर असा प्रसंग आला, तर वळणावळणावर कॅमेरा असणार नाही. तेथे गावकऱ्यांचे डोळे आणि शिक्षकाची वही हेच साधन आहे.

परंतु टिपण करताना एक दंडक कसोशीने पाळला पाहिजे. पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होता कामा नये. मुंबईत वांद्रे येथे सप्टेंबर २००२मध्ये फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर मोटार चढून एकाचा मृत्यू झाला व चौघे जखमी झाले. त्या खटल्यात अभिनेते सलमान खान यांना सत्र न्यायालयाने मे २०१५मध्ये शिक्षा दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कारण मोटार तेच चालवीत होते हे निःसंशय सिद्ध झाले नाही असे न्यायालयाने म्हटले. अपघातापासून तेरा वर्षे न्यायालयात ज्या प्रश्नांचा कीस पडला, त्यांतील मुख्य प्रश्न इतका साधा होता: चालकाच्या जागी कोण बसले होते? जखमींचे तेरा वर्षांनंतरचे दुःख त्यामुळे कमी झाले नाही. यावरून घ्यावयाचा धडा हा की, न्यायालयाला संताप उपयोगी पडत नाही. कोणी, कोठून, किती अंतरावरून, काय पाहिले, ते उपयोगी पडते. म्हणून टिपणात प्रत्येक माणसाचे सांगणे स्वतंत्र लिहावे, ज्याने क्रमांक स्वतः वाचला त्याच्याच नावावर तो लिहावा, आणि ‘लोक म्हणतात’ हा शब्दप्रयोग वर्ज्य करावा. माहीत नसेल तेथे ‘दिसले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. लिहिलेले टिपण पोलीस पाटलांमार्फत किंवा थेट पोलिसांच्या हाती द्यावे आणि एक प्रत जपून ठेवावी. अपघात कोणत्या ठाण्याच्या हद्दीत झाला या वादात वेळ जाऊ देऊ नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवून घेतली पाहिजे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात आहे.

आजकाल हातोहाती छायाचित्रे घेणारी यंत्रे आहेत. जागेचे, किरचांचे, क्रमांकपाटीचे छायाचित्र अवश्य घ्यावे. मात्र जखमीच्या चेहऱ्याचे चित्र गावाच्या समूहसंदेशात फिरविणे अमाणुष आहे. त्याच्या म्हाताऱ्या आईला मुलाची बातमी अशा चित्रातून कळावी, याहून क्रूर गोष्ट नाही. त्याचप्रमाणे ऐकीव क्रमांक समूहसंदेशातून पसरविणे धोक्याचे आहे. एक आकडा चुकला की त्याच रंगाच्या, त्याच बनावटीच्या दुसऱ्याच मोटारीतील कुटुंब पुढच्या गावात लोकांच्या तावडीत सापडते. त्या मोटारीतही मुले असतात.

येथे पुन्हा जमावाच्या प्रश्नाकडे यावयास हवे. समजा, वाऱ्याच्या उतारावर मोटारीची धडक बसली आणि चालक थांबला. घाबरलेला, पांढराफटक पडलेला असा तो मोटारीतून खाली उतरला. लोक धावून आले आहेत, जखमी माणूस त्यांच्यापैकीच कोणाचा भाऊ आहे. या क्षणी गावाची खरी परीक्षा असते. शिक्षक तेथे असेल तर त्याने चालकाला शाळेच्या ओटीवर किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन बसवावे, त्याचे नाव, परवाना आणि मोटारीचा क्रमांक टिपावा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्यावर कोणी हात टाकू नये, हे गावातील चार वडीलधाऱ्या माणसांच्या साह्याने पाहावे. काही लोक म्हणतील, गुरुजी परक्याची बाजू घेतात. त्यांना शांतपणे सांगितले पाहिजे की, हा माणूस थांबला म्हणून जखमीला त्याच्याच मोटारीतून रुग्णालयात नेता आले. आज याला मार बसला, तर उद्या आपल्याच मुलाला उडविणारा थांबणार नाही. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. दोषीला शिक्षा होण्यासाठीदेखील तो जिवंत आणि धडधाकट न्यायालयापुढे गेला पाहिजे.

एवढे करूनही पुष्कळदा मोटार सापडत नाही. तेव्हा घरची माणसे नशिबाला बोल लावून गप्प बसतात, आणि येथे शिक्षकाच्या लेखणीचे सर्वांत मोलाचे काम सुरू होते. मोटार सापडली नाही म्हणून हक्क संपत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या १६१व्या कलमान्वये, धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई देण्याची योजना १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. पूर्वी ही रक्कम अनुक्रमे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. हाड मोडणे, सांधा निखळणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच होय, हे ध्यानात असावे.

ही योजना लोकांपर्यंत किती पोहोचली आहे? कोइंबतूर येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर न्या. अभय ओक व न्या. पंकज मिथल यांनी १२ जानेवारी २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात याचे आकडे आले आहेत. एकट्या २०२२ साली देशात अशा पळून गेलेल्या वाहनांच्या अपघातांची संख्या सदुसष्ट हजारांहून अधिक होती. आणि पाच वर्षांत मिळून भरपाई मिळालेली प्रकरणे मृत्यूची ६६० आणि दुखापतीची ११३. एका वर्षाचे सदुसष्ट हजार अपघात आणि पाच वर्षांची आठशेही न भरणारी प्रकरणे, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले म्हणजे अर्ज न लिहिले गेल्याने किती घरांचे नुकसान झाले हे कळते. योजनेची माहितीच लोकांना नसते, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. एक महिना प्रयत्न करूनही वाहनाचा पत्ता लागला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी कळवावी, असा आदेशही न्यायालयाने दिला.

अर्ज करण्याची रीत अवघड नाही. विहित नमुन्यातील अर्ज तालुक्याचे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे, म्हणजे चौकशीचे काम ज्यांच्याकडे सोपविले असेल त्या महसूल अधिकाऱ्याकडे, द्यावयाचा असतो. सोबत प्रथम खबरी अहवालाची प्रत, मृत्यूच्या प्रसंगी शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला, दुखापतीच्या प्रसंगी जखमांचा वैद्यकीय अहवाल, जखमीच्या व अर्जदाराच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी लागते. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल पाठवावा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावी, अशी योजनेची रचना आहे. या सर्व कागदांत प्रथम खबरी अहवाल हा पाया आहे. अपघाताच्या दिवशी खबर दिली गेली नाही, तर पुढची सारी इमारत डळमळते. पुढे मोटार सापडलीच, तर तिच्या मालकाविरुद्ध व विमा कंपनीविरुद्ध अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोठ्या भरपाईचा अर्ज करता येतो आणि आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते. २०१९च्या दुरुस्तीने अशा अर्जास सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने त्यात चालढकल करू नये.

उपचाराच्या खर्चाची चिंताही पुष्कळांना जखमीला रुग्णालयात नेण्यापासून परावृत्त करते. मे २०२५मध्ये लागू झालेल्या केंद्रीय योजनेखाली, कोणत्याही रस्त्यावर मोटार अपघातात जखमी झालेल्यास, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. आपल्या भागातील अशी रुग्णालये कोणती, याची यादी मिळवून ती शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ठेवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आता वर्गाकडे वळू. हे सर्व मुलांना भाषणाने शिकविता येणार नाही. ते रोजच्या पाठांत मुरले पाहिजे. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, शाळेच्या आवारात उभे करावे आणि जाणारे एखादे वाहन पाच सेकंद पाहू द्यावे. नंतर पाठ फिरवून प्रत्येकाने काय पाहिले ते लिहावे. वीस मुलांच्या वीस पाट्यांवर वीस प्रकारची मोटार दिसेल. कोणी निळी लिहील, कोणी हिरवी, आणि एखादा नसलेला माणूसही आत बसवील. मग त्यांच्याशी बोलावे की, पाहणे आणि वाटणे यांत केवढे अंतर आहे. दुसऱ्या वेळी पाट्या जवळजवळ एक होऊ लागतील. मराठीच्या तासाला ‘वृत्तान्तलेखन’ घेताना हाच विषय द्यावा. दूरध्वनीवरून पत्ता सांगण्याचे नाट्यीकरण करावे. एक मूल १०८वरचा अधिकारी होईल, दुसरे गावकरी. आपल्या वाडीचा पत्ता परक्याला समजेल असा सांगता येणे हीही साक्षरताच आहे.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर मुलांनी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालावे, हा नियम पुन्हापुन्हा घटवून घ्यावा. पावसाळ्यात, धुक्यात आणि तिन्हीसांजेला गडद रंगाच्या छत्रीऐवजी फिकट रंगाची छत्री किंवा पिशवी हाती असावी. अपघात प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाकडे मात्र शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. त्याच्याकडून चारचौघांत पुनःपुन्हा तेच वदवून घेऊ नये. त्याने एकदा, आईबापांच्या समक्ष, आपल्या शब्दांत सांगावे आणि ते तसेच लिहून घ्यावे. मोठ्यांनी सुचविलेली उत्तरे लहान मूल सहज उचलते, आणि मग त्याची साक्षही बिघडते व मनही.

शेवटी एका गोष्टीचा विसर पडू नये. पळून जाणारा चालक दर वेळी मुंबई-पुण्याचाच असतो असे समजणे ही आपली स्वतःची समजूत घालणे आहे. आज चौथीच्या बाकावर बसलेला मुलगा दहाबारा वर्षांनी रिक्षा चालवील, टेंपो चालवील, मासळीची गाडी घेऊन भल्या पहाटे घाट चढेल. एखाद्या वळणावर, दुसऱ्याच कोणा गावात, त्याच्या गाडीखाली कोणी येईल, आणि त्या एका क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा असतील. त्या वेळी त्याच्याजवळ विचार करण्यास वेळ नसेल. लहानपणी जे मुरले असेल तेच पाय ब्रेकवर नेईल किंवा वेग वाढवील. ‘थांबावे, खाली उतरावे, जखमीला उचलावे, स्वतः जाऊन खबर द्यावी’ हे त्याच्या मनात पाढ्यासारखे बसलेले असेल तर तो थांबेल. आणि थांबलेल्याला आपल्या गावाने कसे वागविले हे त्याने लहानपणी शाळेच्या ओटीवर पाहिलेले असेल, तर त्याला थांबण्याचे धैर्यही होईल.

शाळेत एक वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर १०८ आणि ११२ हे क्रमांक, शाळेचा परक्याला कळेल असा पत्ता, पोलीस पाटलांचा दूरध्वनी आणि जवळच्या रुग्णालयांची नावे लिहावीत; पुढची पाने कोरी असावीत. ती कोरीच राहोत, अशी इच्छा प्रत्येक शिक्षकाची असेल. परंतु जर कधी त्यांवर लिहिण्याची वेळ आली, तर तेथे सुवाच्य अक्षरात, वेळेसह, खरे तेवढेच लिहिलेले असावे. त्या पानावर एखाद्या घराची उद्याची भाकरी अवलंबून असेल.